बाबांची ‘जनता’, माझं बंद क्वार्ट्झ आणि पंचवीस हजारांचा मोह

अर्धाकप

मंडळी, पुढच्या महिन्यात चाळिशी गाठतोय. ‘स्वतःसाठी काहीतरी घे, फक्त परत हेडफोन नको’ अशा अटीवर घरून पंचवीस हजार मंजूर झालेत. इतकी वर्षं वेळ मोबाइलवर बघत आलो, आता मनगटावर एक नीट घड्याळ हवंय.

पण गेल्या आठवड्यात साताऱ्याला गेलो आणि घोळ झाला. बाबांनी कपाटातून एक स्टीलचा डबा काढला. आत दोन घड्याळं. एक त्यांची एचएमटी ‘जनता’. बाबा एसटीत वाहक होते, नोकरी कायम झाल्यावर १९७९ साली घेतलेली. पांढरी तबकडी आता चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाची झालीय, ‘जनता’ ही देवनागरी अक्षरं मात्र अजून ठसठशीत आहेत. काचेवर तिकिटांच्या पेटीने पाडलेले ओरखडे. चावी दिली की पाच-सात मिनिटं चालते आणि थांबते.

दुसरं माझं, पहिल्या पगारातलं क्वार्ट्झ, २००८ चं. कंपनीचं नाव नको, चूक माझीच. सेल संपल्यावर तसंच डब्यात टाकलं होतं. तो आतल्या आत पाझरला आणि सगळीकडे पांढरट-हिरवा थर चढलाय. दुकानदार म्हणाला, मशीन बदलावं लागेल.

आता प्रश्न असा. पंचेचाळीस वर्षांचं घड्याळ अर्धमेलं का होईना टिकटिक करतंय, आणि त्याच्या निम्म्याहून कमी वयाचं साफ गेलंय. म्हणजे मेकॅनिकलच, स्प्रिंगवर चालणारं, घ्यावं का? की ‘जनता’ दुरुस्त करून पैसे वाचवावेत? तज्ज्ञांनी उजेड पाडावा.

मी_पयला

जागा धरून ठेवतो. चाळिशीतल्या पुरुषांचं घड्याळ किंवा बुलेट यांपैकी एक ठरलेलं असतं. घड्याळ स्वस्तात पडतं. नंतर कळतं की पडत नाही.

दोनशेवीस_व्होल्ट

धागाकर्ते, भावनेच्या भरात चुकीचा निष्कर्ष काढताय. तुमचं क्वार्ट्झ घड्याळ मेलं नाही, तुम्ही मारलंत. वेळेवर सेल काढला असता तर आजही चाललं असतं. आणि ‘जनता’ सात मिनिटांत थांबते, याला टिकणं म्हणत नाहीत हो.

जरा हिशेब बघा. क्वार्ट्झच्या आत चिमट्यासारखा एक इवलासा स्फटिक असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा दोनचा पंधरावा घात आहे. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करत जातं, उरतो सेकंदाला बरोबर एक ठोका. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद इकडेतिकडे होतं. साधं मेकॅनिकल तेवढं एका दिवसात होतं, आणि त्याचा मालक त्याला ‘कॅरॅक्टर’ म्हणतो.

सिकोने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, ‘अ‍ॅस्ट्रॉन’. किंमत साडेचार लाख येन, तेव्हा तेवढ्यात छोटी मोटार येत असे. आज क्वार्ट्झ घड्याळ हजार-दीड हजारात मिळतं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या, १९८९ पासून तेच आहे, एका सेलवर सात वर्षं चालतं. उरलेल्या साडेतेवीस हजारांत कुटुंबाला गोव्याला नेऊन आणा.

घड्याळजीचा_पोर

व्होल्टराव, आकडे बरोबर आहेत. पण धागाकर्त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

माझे वडील सोलापुरात घड्याळजी होते. जिन्याखाली अडीच बाय चार फुटांची काचपेटी, त्यात ते, मी आणि एक टेबलफॅन. फॅन कायम बंद, कारण वाऱ्याने स्क्रू उडतात. मे महिन्यात सोलापुरात फॅन बंद करून बसणं काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

आधी ‘जनता’. तिला चावी देऊन हलवून-हलवून चालवत बसू नका. आजपासून बंद. आतलं तेल सुकून गोंद झालंय आणि त्यात धूळ मिसळलीय. त्या अवस्थेत चालवलं की ती धूळ पॉलिश पेपरसारखी चाकांच्या टोकांना खात राहते. बहुतेक तिला काही झालेलं नाही, नुसतं ऑइलिंग हवंय.

ऑइलिंग म्हणजे वरून तेल सोडणं नव्हे. असं करणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. खरं काम असं असतं. मागचं झाकण उघडायचं, आधी स्प्रिंगमधला जोर हळूहळू सोडवायचा, नाहीतर पूल, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, सैल करताच चाकं उड्या मारतात. मग बॅलन्स, म्हणजे पुढेमागे झुलून ठोके पाडणारं चाक, उचलायचा. त्याची केसासारखी स्प्रिंग चिमट्याला लोंबकळते, तेव्हा वडील श्वास रोखायचे आणि मीही. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे. चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांची भोकं टोक काढलेल्या लाकडी काडीने साफ करायची, काडी काळी निघते तोवर पुन्हा पुन्हा. मग उलट क्रमाने जोडणी आणि प्रत्येक टोकाला सुईच्या अग्रावर राहील एवढंच तेल. जास्त झालं तर ते पसरतं आणि खडा कोरडा पडतो. म्हणजे जास्त तेल घातलेलं घड्याळ बिनतेलाचं होतं. हे मला कळायला दोन वर्षं आणि कानाखालच्या तीन लागल्या.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला घड्याळं सुरू केली. ‘जनता’चं सतरा खड्यांचं मशीनही सिटिझनच्याच वळणाचं. तबकडीवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं ना, ते बॅलन्सच्या टोकांना धक्क्यापासून वाचवणाऱ्या योजनेचं सिटिझनचं नाव. एसटीच्या मागच्या सीटवर हे घड्याळ इतकी वर्षं का टिकलं, ते त्यात आहे. मशीन साधं, जागा मोकळी, दुरुस्ती करणाऱ्याचा हात आत जातो. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला मंजुरी दिली, पण घड्याळं इतकी बनली होती की सुटे भाग जुन्या मशीनांतून अजून निघतात.

दुकानात दोन वाक्यं ठणकावून सांगा. तबकडीला हात लावायचा नाही. काच बदलायची नाही, पॉलिश करायची. ती काच प्लास्टिकची असते, घासून लख्ख होते.

शिफ्ट_ड्युटी

मी नर्स आहे, अठरा वर्षं झाली. नाडी मोजताना सेकंदकाटा लागतो, मोबाइल खिशातून काढता येत नाही. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. माझं क्वार्ट्झ टिक-टिक करत एकेक घर पुढे जातं, ते मला सोयीचं. मेकॅनिकलचा सरसर फिरणारा काटा दिसायला छान, पण रात्री तीन वाजता मला छान नको असतं, घर हवं असतं.

वादात पडत नाही. एक मात्र बोलायचंय. बायकांना मेकॅनिकल कोणी विकतच नाही. दुकानात विचारलं की ‘मॅडम, हे बघा ना, खडे लावलेलं’. ते खडे बाहेरचे, आतले नाहीत. माझ्या आजीकडे चावीचं होतं, तबकडी चार आण्याएवढी. ते कायम मागे पडायचं आणि आजोबा म्हणायचे, बायकांना वेळेचं भान नसतं.

घड्याळजीचा_पोर

शिफ्टताई, आजी निर्दोष. मशीन जितकं लहान तितका बॅलन्स लहान, आणि लहान बॅलन्स थोड्या धक्क्यानेही बिचकतो. लेडीज घड्याळ आलं की वडील ते संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवायचे, हात शांत झाल्यावर घ्यायचे. मजुरी मात्र तेवढीच. आज तुम्हाला हवं असेल तर सरळ ३५-३६ मिलिमीटरचं ‘पुरुषांचं’ घ्या. ‘जनता’ त्याच मापाची आहे.

मिशिगनकर

उशिरा आलो. धागाकर्ते, आता तुम्हाला ऑनलाइन एचएमटी शोधायची खाज सुटेल, म्हणून आधीच सावध करतो. इकडचे संग्राहक जुन्या घड्याळांच्या बाबतीत ‘मुंबई स्पेशल’ असा शब्दप्रयोग करतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं सँडविच असेल. अर्थ असा की पाच घड्याळांचे अवयव जोडून एक बनवायचं, तबकडी खरवडून नवा भडक रंग मारायचा, वर नाव छापायचं आणि ‘विंटेज, उत्तम स्थिती’ म्हणून जगभर पाठवायचं. जुन्या सिको, फाव्र-ल्यूबा, एचएमटी, सगळ्यांचं हे होतं. दादरला वाढलेल्या माणसाला आपल्या गावाचं नाव असं ऐकायला बरं वाटत नाही.

अर्धाकप

सगळ्यांचे आभार. मिशिगनकर, तुमचा प्रतिसाद दोन दिवस आधी यायला हवा होता.

परवा रात्री एक एचएमटी ‘पायलट’ दिसली. आकाशी तबकडी, एकदम कोरी, अठराशे रुपये. ‘१९७० चं, न वापरलेलं’ असं लिहिलं होतं. घेऊन टाकली. आज आली. चालतेय. फोटो टाकलेत. सांगा, फसलो का?

घड्याळजीचा_पोर

फोटो मोठे करून बघितले. बसा जरा.

‘पायलट’ म्हटलं की काळी तबकडी आणि उजळ आकडे. दोनच्या आकड्याची खालची रेघ बघा, शाई पसरलीय. कारखान्यातली छपाई भिंगाखालीही कातीव दिसते. मिनिटांच्या खुणा बाराजवळ बरोबर आहेत आणि सातपर्यंत येता-येता सरकल्यात. तासकाटा एका घड्याळाचा, मिनिटकाटा दुसऱ्याचा, एकाची टोकं पांढरी आणि एकाची पिवळट. सेकंदकाट्याची शेपटी कापलेली आहे. आणि १९७० चं न वापरलेलं घड्याळ असेल तर मागच्या झाकणाच्या खाचांवर इतके ओरखडे कुठून आले? तेवढे ओरखडे म्हणजे ते निदान दहा वेळा उघडलंय.

आतलं मशीन मात्र एचएमटीचंच दिसतंय. अठराशेला सुटे भाग मिळाले समजा.

मी_पयला

हात दाखवून अवलक्षण.

दोनशेवीस_व्होल्ट

कॅसिओचा प्रस्ताव अजून खुला आहे. दीड हजार.

मिशिगनकर

अर्धाकप, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे अशी तीन आहेत. एकावर तर ‘ऑटोमॅटिक’, म्हणजे मनगट हललं की आपोआप चावी बसणारं, असं छापलंय आणि आत चावीचं मशीन आहे. सुरुवातीची फी समजायची.

खारं_वारं

मालवणहून. धाग्यात हवामानाचा विचार कोणीच केला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जूनमध्ये काचेच्या आत धुकं येतं. कातडी पट्ट्याला आठ दिवसांत बुरशी. पेटीवर ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून माझा मेहुणा घड्याळ घालून विहिरीत उतरला. ते ३० मीटर म्हणजे हात धुतले, शिंतोडे उडाले, तेवढंच. पोहायचं तर शंभर लिहिलेलं पाहिजे, आणि आतलं रबर दर काही वर्षांनी बदलायला पाहिजे. मेकॅनिकल असो की क्वार्ट्झ, खारं पाणी जातिभेद करत नाही.

आणि क्वार्ट्झवाल्यांनो, सेल बदलताना घड्याळवाला कुठला घालतोय ते बघा. एसआर अक्षरांचा सिल्व्हर ऑक्साइड मागा. एलआरचा अल्कलाइन स्वस्त असतो आणि पाझरण्यातही तोच पुढे. अर्धाकप यांच्या घड्याळात बहुधा तोच होता.

दोनशेवीस_व्होल्ट

बरं, भावना बाजूला ठेवून एक कबुली देतो. काल रात्री गणित मांडलं. जनतासारखं घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. समजा दिवसाला दहा सेकंद पुढे गेलं. दिवसात ८६,४०० सेकंद. चूक ०.०१२ टक्क्यांहूनही कमी. स्टीलची एक स्प्रिंग, पितळेची चार चाकं, वीज शून्य, आणि अचूकता ९९.९८ टक्क्यांच्या वर. आमच्या कंपनीतलं एकही यंत्र या आकड्याच्या जवळ नाही. क्वार्ट्झ जिंकतंच, पण हरणारासुद्धा काही कमी नाही.

रविवारची_झोप

मध्येच घुसतोय. माझं नवं ऑटोमॅटिक अचानक रोज बारा मिनिटं पुढे जायला लागलंय. घड्याळजींचे चिरंजीव, ऑइलिंग करावं का?

घड्याळजीचा_पोर

नको. रात्री घड्याळ कुठे ठेवता?

रविवारची_झोप

टॅबवर. म्हणजे टॅबच्या कव्हरवर.

घड्याळजीचा_पोर

कव्हर बंद होताना टक् करून चिकटतं ना? आत लोहचुंबक आहे. केसस्प्रिंगला चुंबकत्व लागलंय, तिचे वेढे एकमेकांना चिकटून ती आखूड झाल्यासारखी वागते. स्प्रिंग आखूड झाली की ठोके भराभर पडतात. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं यंत्र असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याचे हजार मागितले तर चहा पिऊन उठून या.

रविवारची_झोप

देवमाणूस आहात. शंभर रुपयांत झालं, आता रोज आठ सेकंद पुढे.

शिफ्ट_ड्युटी

अवांतर. आमच्या वॉर्डात एक आजोबा आले होते, दृष्टी नसलेले. मनगटावर एचएमटीचंच, पण काचेला बिजागरी. झाकण उघडून काट्यांवर बोट फिरवायचे आणि मला सांगायचे, ‘सिस्टर, औषधाला दहा मिनिटं उशीर झाला.’ झाला होता. रोज सकाळी चावी द्यायला विसरायचे नाहीत. ब्रेल घड्याळ आहे, असं त्यांनी सांगितलं. बोट लागून काटे हलत कसे नाहीत?

घड्याळजीचा_पोर

त्यात काटे जाड आणि घट्ट असतात, आकड्यांच्या जागी उंचवटे. एचएमटीने अशी घड्याळं काढली होती. आमच्याकडे एक यायचं, वडील त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. बोटांच्या मळाने मात्र भरलेलं असायचं.

अर्धाकप

मोठा अपडेट.

इथून सल्ला घेऊन बुधवार पेठेत एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. आधी आकाशी ‘पायलट’ दाखवली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलंच नाही, लांबूनच म्हणाले, ‘छान रंगवलंय.’ मग ‘जनता’ दिली. तेव्हा भिंग लावलं. झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, ‘हे वाचा.’ झाकणाच्या आत सुईने कोरलेले बारीक आकडे. ३/८४. ११/८९. ६/९६. जे-जे उघडतात ते महिना आणि वर्ष कोरून ठेवतात म्हणे. शेवटचा आकडा २००३ चा. त्या वर्षी बाबांना मुलगा म्हणून मी माझ्या पॉकेटमनीतून एक डिजिटल घेऊन दिलं होतं. म्हणजे ‘जनता’ डब्यात घालणारा मीच.

सातशे रुपये, आठ दिवस. काल आणली. टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चूक मोजणाऱ्या यंत्रावर, दिवसाला बावीस सेकंद पुढे दाखवतेय. ते म्हणाले, आणखी खेचता येईल, पण या वयात तिला छळू नका. काच पॉलिश केली, पण एक खोल ओरखडा मुद्दाम ठेवायला सांगितला.

आता पंचवीस हजारांतले एकोणीसशे गेले तरी बाकी आहेतच. सिको फाइव्ह हे ऑटोमॅटिक बघून आलो. घेऊ का?

घड्याळजीचा_पोर

एकोणीसशे नाही, अठराशे अधिक सातशे, पंचवीसशे. घड्याळवाल्याच्या पोराला हिशेबात फसवू नका.

सिको फाइव्ह घ्यायचं तर आत ४आर३६ मशीन आहे का बघा. त्याला चावीही देता येते आणि चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. जुन्या ७एस२६ मध्ये ही दोन्ही सुखं नव्हती, चार दिवस कपाटात राहिलं की हातात घेऊन डमरूसारखं हलवायचं. आणि रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख पटकन बदलू नका. त्या वेळी आतली चाकं तारखेत गुंतलेली असतात, एखादा दात तुटतो.

पण माझं ऐकाल तर आत्ता घेऊ नका. ‘जनता’ तीन महिने घाला. रोज चावी देणं अंगवळणी पडतं की जाच वाटतो ते कळेल. जाच वाटला तर व्होल्टरावांचं ऐका आणि चांगलं सोलर, म्हणजे उजेडावर चार्ज होणारं, क्वार्ट्झ घ्या. आणि घरापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर एक चांगला घड्याळजी आहे का, ते घड्याळ निवडायच्या आधी बघा. तुम्हाला सापडलाय. माझ्या सोलापूरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी बँकेत आहे.

दोनशेवीस_व्होल्ट

सोलर क्वार्ट्झला अनुमोदन. आणि त्या पहिल्या पगारातल्या घड्याळाचं मशीन बदलून घ्या हो, पाच-सहाशेत होतं. उगाच कचऱ्यात टाकू नका. मीच काहीतरी टाकाऊ वस्तू विकतोय असं या धाग्यावर वाटायला लागलंय.

अर्धाकप

दिलंय बदलायला, त्याच घड्याळजींकडे. त्यांनी नाक मुरडलं, पण घेतलं.

एक शेवटची शंका. चावी सकाळी द्यायची की रात्री? आणि किती?

घड्याळजीचा_पोर

रोज एकाच वेळी. मनगटावरून काढून, म्हणजे चावीच्या दांड्याला बाक येत नाही. हाताला अडेपर्यंत द्यायची, अडलं की थांबायचं. वेळ तुम्ही ठरवा.

अर्धाकप

बाबांना फोन केला. म्हणाले, ‘पहिली गाडी पाच पन्नासची असायची. कंट्रोलरच्या खिडकीवरचं घड्याळ बघून लावायचं, चावी द्यायची, मग घंटी.’

उद्यापासून पाच पन्नासचा गजर. मोबाइलवर.